‘फक्त’ धारप



काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रात मी विद्यार्थ्यांना त्यांच्या वाचनाविषयी विचारले होते. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या एक बाई संकोचाने म्हणाल्या, “सर, मी तसे काहीच वाचलेले नाही. फक्त नारायण धारप.” वर्गात हशा पिकला. मीही हसलो. त्या दिवशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत आणि पुढच्या सत्राला आल्याही नाहीत.

ते हसणे मला आजही बोचते, कारण ते खोटे होते. शाळकरी वयात वाचनालयातून आणलेले धारप मी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचले होते. रात्री परसात जाण्याची भीती वाटे, तरी पुस्तक खाली ठेववत नसे. वाचनाची गोडी मला तेथेच लागली. पुढे मी एम. ए. झालो आणि आवडत्या लेखकांच्या यादीतून ते नाव गुपचूप गाळले.

मनोरंजन करते ते हलके, असा एक समज आपल्या अंगी मुरलेला असतो. परंतु भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक रस आहे, भय हा त्याचा स्थायिभाव. साहित्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आपण हे आदराने लिहितो. तोच रस भडक मुखपृष्ठाच्या पुस्तकात भेटला, की मात्र नाक मुरडतो.

भय निर्माण करणे सोपे नसते. नुसते ‘भूत आले’ असे लिहून कोणी घाबरत नाही. धारपांची (१९२५–२००८) भाषा साधी, जवळजवळ हिशेबी असते. ओळखीचे घर, ओळखीची माणसे यांवर आपला विश्वास बसला, की मग ते एखादीच गोष्ट किंचित जागची हलवतात. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या ‘खेकडा’ किंवा ‘मध्यरात्रीचे पडघम’ या संग्रहांतील गूढकथांत भीतीची मुळे बहुधा माणसाच्या मनातच सापडतात. ‘लोककथा ७८’ हे नाटक लिहिणारी लेखणीही हीच होती, हे ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ प्रत्येक भयकथा चांगलीच असते, असा नाही. काहींचा शेवट आधीच कळतो, काही निव्वळ किळस आणतात. त्यांना सामान्य म्हणावे. पण वाचून म्हणावे, आणि त्या कथेने जे करायचे ठरवले होते ते साधले का, हे पाहून म्हणावे. भीती प्रथम कोणत्या वाक्याला वाटली? लेखकाने काय दडवून ठेवले? आपल्या मनातील कोणत्या जुन्या भयाला त्याने हात घातला? हे प्रश्न विचारणे म्हणजेच आस्वादाची सुरुवात. रसभंग न होता कथा शेवटपर्यंत वाचायला लावणे, हाही कलागुणच आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी पुस्तके कपाटाच्या मागच्या रांगेत असतील. ती पुढे आणा. आणि कोणी तुमच्या वाचनाविषयी विचारले, तर उत्तर निःसंकोच द्या. त्यातला ‘फक्त’ हा शब्द तेवढा वगळा. त्या दिवशी त्या बाईंना हे मीच सांगायला हवे होते.