गाडी उभी असताना

चि. संतोष,


शाळेच्या बसवर तुला नोकरी लागली, हे अक्काकडून कळलं. फार बरं वाटलं. माझा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला, म्हणून हे पत्र.

१९९७च्या नोव्हेंबरात दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, कितीतरी लेकरं गेली. महिनाभरातच सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बसच्या चालकांसाठी कडक अटी घातल्या. अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव हवा. आणि दारू पिऊन किंवा वेगात गाडी चालवल्याचं एकदा जरी चलन झालं असेल, तरी त्या चालकाला मुलांच्या गाडीवर घ्यायचं नाही. या अटी मला रास्तच वाटतात. तुझं लायसन स्वच्छ आहे, हात शांत आहे. वेगाची मला काळजी नाही.

काळजी थांब्याची आहे. मूल उतरतं आणि दोन पावलांत बसच्या तोंडासमोर येतं. पहिलीतलं पोर तिथे उभं राहिलं, तर सीटवरून त्याचे केससुद्धा दिसत नाहीत. त्यात पाण्याची बाटली हातातून निसटून घरंगळली, की ते वाकणारच. इंजिन चालू आहे हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. बाटली हरवली तर आई ओरडेल, एवढंच कळतं. बसमध्ये मदतनीस मावशी असतात त्या याच क्षणासाठी. त्यांनी मूल पालकांच्या हाती द्यावं, परत दारात येऊन ‘चला’ म्हणावं, मगच गिअर टाक. मागचे हॉर्न वाजवोत.

दार लावताना दप्तराचा पट्टा अडकला नाही ना, ते बघ. शाळेच्या आवारात रिव्हर्स टाळ. फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत स्वतः जाऊन ये, वाकून खालीही बघ. बालवाडीतलं एखादं पोर झोपलेलं असतं, आणि बंद काचांची गाडी उन्हात पाहता पाहता तापते.

एखाद्या दिवशी मावशी येणार नाहीत. मालक म्हणेल, ‘आजचा दिवस निभावून ने.’ निभावू नकोस. २०११च्या आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. थेट त्यांना सांग, आणि दुसरी बाई मिळेपर्यंत गाडी जागची हलवू नकोस.

तुझा,
मामा