हाये नावाचं गाव

प्रागच्या मेट्रोच्या सी मार्गावर दक्षिणेकडचं शेवटचं स्थानक आहे ‘हाये’. स्पेलिंग बघून आपण हमखास ‘हाजे’ म्हणू, पण चेक भाषेत त्या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो. हे मला कळलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मुलगा कोंढव्यातला, सध्या नोकरीसाठी प्रागमध्ये आहे आणि या हाये स्थानकाजवळच भाड्याने राहतो. त्याने मेसेज केला, ‘मॅडम, मी राहतो त्या गावाचं नाव तुम्ही आयुष्यभर लाल पेनाने खोडत आलात.’ खरं आहे ते. वहीत ‘हाये’ दिसलं की माझा हात आपोआप ‘आहे’ लिहितो. पण नाव मनात राहिलं, आणि सुट्टीत मी त्या गावाच्या मागे लागले.

चेक भाषेत ‘हाय’ म्हणजे राई. अनेक राया म्हणजे हाये. या नावाची गावं त्या देशात बरीच आहेत. आपल्याकडे वडगाव किंवा पिंपळगाव किती, तसंच. आपलं हाये प्रागच्या आग्नेयेला, माळावर वसलेलं. प्राग शहर व्लतावा नदीच्या खोऱ्यात, चढउतारांचं. हा भाग मात्र उंचावर आणि बऱ्यापैकी सपाट. एका बाजूला बोतिच नावाचा ओढा, दुसऱ्या बाजूला कुनरातित्सेचं जंगल. त्या जंगलात एका किल्ल्याचे अवशेष आहेत. 1419 साली बोहेमियाचा राजा चौथा वेन्सेस्लास तिथेच वारला आणि दोन वर्षांत हुसाईटांनी किल्ला पाडला. शेजारी खोदोव हे जरा मोठं गाव, त्याला स्वतःची गढी. बाकी शेतं.

हा सपाटपणाच गावाला भोवला, असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रागमध्ये घरांची टंचाई भयंकर होती. लग्न होऊन मुलं झाली तरी सासू-सासऱ्यांच्या एका खोलीत संसार, हे चित्र आपल्याला काही समजावून सांगायला नको. सरकारने उपाय काढला तो कारखान्यात काँक्रीटच्या भिंती ओतायच्या, ट्रकने आणायच्या आणि क्रेनने एकावर एक रचायच्या. या इमारतींना तिकडे ‘पानेलाक’ म्हणतात. क्रेनला रूळ लागतात आणि रुळांना सपाट जमीन. 1 जानेवारी 1968 रोजी खोदोव आणि हाये, आसपासच्या आणखी गावांसह, प्राग शहरात सामील केली गेली. चारच दिवसांनी दुबचेक पक्षप्रमुख झाला आणि ‘प्राग वसंत’ सुरू झाला. त्या वर्षाच्या इतिहासात रणगाडे येतात, ही गावं येत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र फार भाबडं होईल. शहर येण्याआधीच शेतकऱ्याच्या हातून शेत सुटलेलं होतं. 1950च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने देशभर शेती सहकारी केली. कागदावर नाव राहिलं, बांध मोडले. त्यामुळे क्रेन आल्या तेव्हा ‘माझं शेत’ म्हणून आडवं पडायला फारसं कोणी उरलं नसावं. पुढे 1989 नंतर जमिनी परत देण्याचे कायदे झाले, पण जिथे इमारत उभी आहे ती जमीन मूळ मालकाला परत कशी देणार? बदल्यात दुसरी जमीन किंवा पैसे.

1971 मध्ये बांधकाम सुरू झालं, 1976 मध्ये पहिली बिऱ्हाडं राहायला आली. वसाहतीचं नाव ‘यिझ्नी म्येस्तो’, म्हणजे दक्षिण शहर. चेक देशातली ही सगळ्यांत मोठी पानेलाक वसाहत, आज लोकवस्ती पाऊण लाखाच्या पुढे. व्येरा खितिलोवा या दिग्दर्शिकेने ती अर्धवट असतानाच तिथे ‘पॅनेलस्टोरी’ नावाचा चित्रपट केला, 1979चा. त्यात खेड्यातून एक म्हातारा मुलीकडे राहायला येतो आणि एकसारख्या इमारतींच्या चिखलात त्याला मुलीचं घरच सापडत नाही. अधिकाऱ्यांना चित्रपट रुचला नाही, यात नवल नाही. पण मी त्या मुलीच्याही बाजूने विचार करते. नळाला गरम पाणी, घरात स्वतःचा संडास, दाराला स्वतःची कडी. ज्या बाईने दहा वर्षं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ओटा वाटून घेतला, तिला खिडकीतून दिसणारा चिखल किती खुपत असेल? गावं गिळली गेली म्हणून हळहळणारे आपण बहुतेक सगळे फ्लॅटमध्ये बसून हळहळतो.

7 नोव्हेंबर 1980 रोजी, रशियन क्रांतीच्या वर्धापनदिनी, मेट्रो इथवर आली. आणि स्थानकांना नावं काय दिली? खोदोवच्या स्थानकाला ‘बुदोवातेलू’, म्हणजे ‘बांधणाऱ्यांचं’. पुढच्याला ‘द्रुझ्बी’, म्हणजे ‘मैत्रीचं’. कोणाशी ते सांगायची गरज नव्हती. आणि हायेला ‘कोस्मोनाउतू’, अंतराळवीरांचं. 1978 साली व्लादिमीर रेमेक हा चेकोस्लोव्हाक वैमानिक सोव्हिएत यानातून अंतराळात गेला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ सोडून तिसऱ्या देशाचा तो पहिला माणूस. आपले राकेश शर्मा 1984 मध्ये गेले ते याच सोव्हिएत योजनेतून. रेमेकबद्दल चेक लोकांचा एक जुना विनोद आहे. परतला तेव्हा त्याचे हात लाल का होते? तो बटणाकडे हात नेई आणि रशियन चापट मारून म्हणत, हात लावू नकोस!

म्हणजे आधी शेत गेलं, मग ग्रामपंचायत गेली, मग माणसाच्या तोंडी असलेलं नावही पाटीवरून गेलं. नावं बदलण्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत, म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

राजवट 1989च्या नोव्हेंबरात कोसळली. 22 फेब्रुवारी 1990 रोजी प्रागच्या मेट्रोतली बरीच नावं एकाच दिवशी बदलली. ‘लेनिनोवा’ गेलं, ‘गॉटवाल्डोवा’ गेलं. बांधणाऱ्यांचं खोदोव झालं, अंतराळवीरांचं हाये झालं. बाहेरचा रेमेक आणि त्याच्या सोव्हिएत सहकाऱ्याचा पुतळा मात्र ठेवला. हे मला आवडलं. पुतळ्याने कोणाची जागा घेतली नव्हती, पाटीने घेतली होती.

पण पाटी परत आली म्हणून गाव परत आलं का? माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, खोदोव म्हणजे काय रे? तो म्हणाला, मॉल. स्थानकाला लागून 2005 पासून मोठा मॉल आहे. मी त्याला सांगितलं, गढी शोध. रविवारी गेला. खोदोवची गढी उंच इमारतींच्या मधोमध उभी आहे, आता तिथे सांस्कृतिक केंद्र आहे. जवळच्या एका रस्त्याचं नाव ‘स्तारोखोदोवस्का’, जुन्या खोदोवचा रस्ता. तो म्हणाला, मॅडम, इथे बैठी घरं आणि फळझाडं आहेत, मी तीन वर्षं रोज याच्याजवळून जातोय.

भाषा शिकवणारीला सगळ्यात जास्त आनंद झाला तो वेगळ्याच ठिकाणी. प्रागच्या भूमी अभिलेखात खोदोव आणि हाये आजही स्वतंत्र नोंदवलेली आहेत. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तरी खरेदीखतात क्षेत्र लिहावं लागतं, हाये. आपल्या सातबाऱ्यावर ‘मौजे’ असतं, अगदी तेच. मौजा हा अरबी शब्द, फारसी दफ्तरातून आपल्याकडे आला आणि गावं महापालिकेत गेली तरी कागदावरून हलला नाही. प्रागमध्ये माला खुखले आणि वेल्का खुखले अशी जोडगावंही आहेत. माला म्हणजे लहान, वेल्का म्हणजे मोठं. आपलं खुर्द आणि बुद्रुक! दोन्ही फारसी. ज्या मुलांना उर्दू परकी वाटते, त्यांना मी हे पहिल्या तासाला फळ्यावर लिहून दाखवते.

बोहेमियाची मोजणी 1826 ते 1843 या काळात झाली. ते रंगीत नकाशे आता इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. पिवळा रंग म्हणजे लाकडी, आग लागू शकेल अशी इमारत. लाल म्हणजे दगड-विटांची. मी दोन खिडक्या उघडून बसते, एकीत तो नकाशा, दुसरीत आजचं उपग्रहचित्र. वसाहतीच्या दक्षिण टोकाला इमारती संपतात आणि मिलीचोवचं रान सुरू होतं, जुन्या ओक वृक्षांचं, आता संरक्षित. आत तळी आहेत. त्यातल्या एकाचं नाव ‘व्राह’, म्हणजे खुनी. हे नाव मात्र बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.