हिशेबतपासनीस पाहिजे

घराला वैद्य आणि संस्थेला हिशेबतपासनीस चांगला मिळावा लागतो, असे आमच्या वाचनालयाचे एक जुने अध्यक्ष म्हणत. वैद्याची आठवण माणसाला दुखणे आल्यावर तरी होते. हिशेबतपासनिसाची आठवण पुष्कळ संस्थांना मार्च उलटून गणपती येईपर्यंत होत नाही, आणि मग जो कोणी लौकर सही देईल तो देवासारखा वाटू लागतो.

आमचे वाचनालय तालुक्याच्या गावचे. दोन नोकर, पगार तुटपुंजा, अनुदान कधी वेळेवर तर कधी देवाच्या भरवशावर. बावीस वर्षे ज्यांनी आमचे हिशेब विनामूल्य तपासले ते गृहस्थ गेल्या वर्षी थकले आणि मुलाकडे राहावयास गेले. त्याच सुमारास जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधून देण्याची तयारी दाखविली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग समाजकार्यावर खर्चावा लागतो, त्यातला हा पैसा. अट एकच : हिशेब चोख तपासलेले हवेत. आमची मुले आज देवळाच्या ओवरीत आणि एस.टी. स्थानकाच्या बाकावर पुस्तके घेऊन बसतात. त्यामुळे नवा तपासनीस नेमण्याचा हा विषय नेहमीसारखा पाच मिनिटांत उरकण्याजोगा राहिला नाही.

कार्यकारी मंडळाची बैठक चांगली तीन तास चालली. अध्यक्षांचे जावई ठाण्याला चार्टर्ड अकौंटंट आहेत, ते फुकट करतील, असा पहिला प्रस्ताव. कायद्यात हे बसते की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. पण सासऱ्याच्या कारभारावर जावयाने शेरा मारावयाचा, ही अपेक्षा आपल्याकडे कोणी करू नये. शिवाय हे गृहस्थ व्यापाऱ्यांची कामे करतात. विश्वस्तसंस्था त्यांनी कधी हाताळलेली नाही. दुसरा प्रस्ताव पुण्याच्या एका मोठ्या पेढीचा. "नाव बघूनच कंपनी गप्प बसेल," असे चिटणीस म्हणाले. त्या पेढीने मागितलेली फी आमच्या ग्रंथपालाच्या सहा महिन्यांच्या पगाराहून जास्त होती, आणि काम करावयास येणार होता तो तिथला शिकाऊ मुलगा. तिसरा मार्ग बाजारपेठेतील एका मध्यस्थाचा. वह्या द्या, दोन दिवसांत सहीशिक्क्यासह अहवाल घ्या. सही कोणाची, हे सही आल्यावरच कळावयाचे. २०१९ पासून अशा प्रत्येक सहीखाली अठरा आकडी युडिन क्रमांक घालावा लागतो आणि तो खरा की खोटा हे कोणासही घरबसल्या पडताळता येते. हे सांगताच त्या प्रस्तावाचे सूचक पाणी पिण्यास बाहेर गेले.

मी एवढेच विचारले, की हा अहवाल वाचणार कोण? मंडळात कोणी याचा विचार केलेला नव्हता. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, आयकर खाते, अनुदान देणारे ग्रंथालय खाते आणि आता ही कंपनी. प्रत्येकाची भूक निराळी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या नियमांत तपासनिसाने उत्तरे द्यावयाची प्रश्नावलीच आहे : तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली काय, जंगम मालाची यादी ठेवली आहे काय, पाच हजारांवरील दुरुस्तीला निविदा मागविल्या काय, सभा नियमित होऊन इतिवृत्त लिहिले जाते काय. आयकराच्या अहवालाचे नमुने २०२३ साली बदलले. पाच कोटींहून अधिक उत्पन्नाच्या किंवा परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना एक, आमच्यासारख्या लहानांना दुसरा. ज्याला हे रोजचे आहे असाच माणूस आम्हाला हवा होता, मग त्याच्या पाटीवर नावे चार असोत की एक.

शेवटी जिल्ह्याच्या गावी विश्वस्तसंस्थांचीच कामे करणाऱ्या एक बाई आम्हाला सापडल्या. फी मध्यम. कंपनीचे पत्र वाचून त्या म्हणाल्या, "संस्थेची पूर्ण तपासणी कायद्याने होणारच आहे. अभ्यासिकेसाठी आणखी एक पूर्ण तपासणी कशाला विकत घेता? बांधकामाचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवा. त्याची बिले नि बँकेचे उतारे मी जुळवून विनियोगाचा दाखला देईन. आणि अर्ध्या वर्षाची स्थिती मंडळाला पाहावयाची असेल तर मर्यादित तपासणी पुरते. तिच्यात मी विचारपूस करते, आकडे ताडून पाहते, व्हाऊचरन्‌व्हाऊचर उलटीत नाही. दाखल्याला जेवढे वजन हवे तेवढेच घ्या." स्वतःचे काम कमी करून सांगणारा व्यावसायिक मी फार दिवसांनी पाहिला. कंपनीनेही ही व्यवस्था मान्य केली.

खरी परीक्षा पुढेच होती. पहिल्या दिवशी बाई आल्या त्या चहाही न घेता म्हणाल्या, "नाना, पेटी मोजू या का?" नाना आमचे तीस वर्षांचे खजिनदार. संस्थेच्या पैशाने त्यांनी कधी सुपारी खाल्ली नाही. रोकड मोजली, आणि वहीपेक्षा ६४० रुपये जास्त भरली. नानांचा चेहरा उजळला, बाईंचा नाही. महिनाअखेरीस पैसे कमी पडले की नाना स्वतःचे घालीत आणि पुढे काढून घेत. बाई म्हणाल्या, "कमी भरले असते तर एक प्रश्न विचारला असता; जास्त भरले म्हणून दोन विचारते. यातले तुमचे किती नि संस्थेचे किती, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येईल का?"

दुसऱ्या दिवशी नानांचा राजीनामा आला. गावात कुजबुज सुरू झाली, की नानांना चोर ठरविले. मी त्यांच्या घरी गेलो. नाना झोपाळ्यावर, बोलेनात. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तीस वर्षे हे मनाशी ती पेटी मोजीत झोपतात. आता दुसरं कोणी मोजणार असेल तर एवढं काय बिघडलं?" नानांनी झोपाळा थांबविला. राजीनामा परत मागितला नाही, पण सोमवारी वाचनालयात येऊन बसले.

तपासनीस म्हणजे पोलीस, अशी आपल्याकडे समजूत आहे. इंग्लंडात १८९६ साली किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्ती लोप्स यांनी सांगून ठेवले आहे, की तपासनीस हा राखणीचा कुत्रा. माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. राखणीचा कुत्रा घरच्या माणसावरही एकदा भुंकतो, त्याला इलाज नाही. भुंकेलच नाही असा पाहून आणावयाचा, तर त्याला भाकर तरी कशाला घालावी?

अहवाल आला तो दोन शेऱ्यांसह : रोकड वहीशी जुळली नाही आणि जंगम मालाची नोंदवही २०१६ नंतर लिहिलेली नाही. कंपनीकडे जाण्यापूर्वी हे शेरे काढून घ्यावे म्हणून अध्यक्षांनी बाईंना स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, "नोंदवही लिहा, पुढच्या वर्षी शेरा आपोआप जाईल. या वर्षीचा राहील." अध्यक्ष भडकले. जावयाचा विषय पुन्हा निघाला. तेव्हा नाना उठले. "राहू द्या शेरे. त्यातला एक माझा आहे. वही मी लिहितो."

दोन विद्यार्थिनींना हाताशी घेऊन त्यांनी चार रविवार सामान मोजले. वहीत खुर्च्या ११२, जागेवर ९८. उरलेल्या चौदा शेजारच्या तालमीत निघाल्या. कोणत्या उत्सवात गेल्या होत्या हे तालमीच्या वस्तादांनाही आठवेना. कंपनीने शेरे वाचले, दोन प्रश्न विचारले आणि पहिला हप्ता धाडला. अभ्यासिकेच्या भिंती आता खिडकीपर्यंत आल्या आहेत. पेटीत दोन हजारांवर रक्कम ठेवावयाची नाही आणि बँकेत दोन सह्या, असे ठरले आहे. दुसरी सही माझी.

पुढील वर्षासाठी त्याच बाईंना नेमावे असा ठराव नानांनी मांडला असून मी अनुमोदन दिले आहे. फी थोडी कमी करून मिळेल काय, असे अध्यक्षांचे म्हणणे आहे. त्यावर दिवाळीनंतरच्या बैठकीत चर्चा व्हावयाची आहे.