दुसऱ्याची किल्ली

वकिली करणाऱ्या माणसास स्वतःचा अपराध आपण होऊन लिहून देण्याची सवय नसते. अशील तसे करू लागला तर त्याचा हात धरणे हेच आमचे काम. तरीही आज आम्ही वाचकांपुढे एक कबुलीजबाब ठेवीत आहोत. सन २०२३च्या जुलै महिन्यातील एका रात्री आम्ही एका परक्या माणसाच्या ऑटोची किल्ली काढून घेतली, आणि पुढे जवळजवळ दोन तास ती आमच्या खिशात होती.

हैदराबादेतील जामबाग ही आमची जुनी वस्ती. येथील विवेकवर्धिनीने मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्या घडविल्या. एका अंगास कोठी, दुसऱ्या अंगास मोजमजाही मार्केट, आणि थोडे उतरून गेले की मुसी नदी. फुलवाल्यांमुळे या रस्त्याला झेंडूचा आणि मोगऱ्याचा वास येतो. त्या रात्री पाऊस कोसळत होता. साडेनऊच्या सुमारास टोपल्या आवरून घरी निघालेल्या एका म्हाताऱ्या फुलवाल्यास मोटारसायकलची धडक बसली. मोटारसायकलवाला निघून गेला. म्हाताऱ्याच्या डोक्यातून रक्त वाहू लागले. आम्ही रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी केला. ती तुंबलेल्या रस्त्यात अडकली होती. समोरून तीन मोटारी आल्या. आम्ही हात वर केला. एक किंचित मंदावली, मग तीही गेली.

चौथा आला तो रिकामा ऑटो. त्याला आम्ही हात केला नाही, सरळ आडवे उभे राहिलो. चालक पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याने “नै साब, बस अड्डे पे...” एवढेच म्हटले. ते वाक्य आम्ही पुरे होऊ दिले नाही. हात आत घालून किल्ली फिरवली, काढून घेतली, आणि सांगितले की, आम्ही वकील आहोत, तुमचा नंबर आम्ही टिपून घेतला आहे, आता नाही म्हणालात तर कोर्टात गाठ पडेल. तो गप्प झाला. दोघा तरुणांनी म्हाताऱ्यास उचलून आत निजविले. आम्ही किल्ली परत लावून शेजारी बसलो. दहा मिनिटांत इस्पितळ आले, आणि डॉक्टरांनी म्हाताऱ्यास ताब्यात घेतले.

येथवर जे घडले ते पुन्हा घडले तर आम्ही पुन्हा तेच करू, असे त्या रात्री कोणी विचारले असते तर आम्ही छाती पुढे काढून सांगितले असते. परंतु गोष्ट येथे संपत नाही. तपासणीसाठी रोग्यास दुसरीकडे हलवावे लागेल की काय, अशी शंका आम्हांस आली, आणि आम्ही किल्ली पुन्हा काढून खिशात टाकली. चालक दोनदा आमच्यापाशी येऊन उभा राहिला. आम्ही कोणाशी तरी बोलत होतो. हातानेच “थांबा” अशी खूण केली. मग एका शिपायाने त्याचे नाव, गाव, पत्ता विचारण्यात अर्धा तास घालविला. साडेअकराच्या सुमारास आम्ही त्याच्या हाती किल्ली आणि दोनशे रुपये ठेवले. म्हाताऱ्याचा जीव वाचला होता. त्याची सून आमच्या पाया पडली, आणि आपण आज काही पुण्य जोडले अशा समाधानात आम्ही घरी येऊन निजलो.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या मुलाने ऑटोवाल्यास भेटण्याची इच्छा दर्शविली. धमकी देण्यासाठी टिपलेला नंबर आता आभार मानण्यासाठी उपयोगी पडला. पुतळीबावलीच्या बाजूस एका ऑटोंच्या थांब्यावर तो सापडला. त्याने आभार स्वीकारले. आमच्याकडे मात्र पाहिले नाही. आम्ही खोदून विचारले तेव्हा कळले की, वसतिगृहात राहून शिकणारी त्याची सोळा वर्षांची मुलगी त्या रात्री पहिल्यांदाच एकटी बसने येत होती. पावणेदहापासून पावणेबारापर्यंत ती गौलीगुड्याच्या बसस्थानकावर पावसात बापाची वाट पाहत उभी होती. त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. “मरीज को ले जाने को मैं ना नै बोलता था साब,” तो म्हणाला, “आपके फोन से एक फोन करने देते तो बस था.” तो दोनदा आमच्यापाशी आला होता तो तेवढ्यासाठीच.

मुलगी सुखरूप घरी पोचली, हे आमचे दैव. त्याचे श्रेय आमच्याकडे नाही.

आमच्या न्यायालयातील एका वयोवृद्ध वकीलसाहेबांना हा वृत्तान्त सांगितला, तेव्हा ते हसले. ते म्हणाले, जीव जात असता परवानग्या मागत बसणे हा धर्म नव्हे. त्यांनी १८६०च्या दंडसंहितेतील ८१वे कलम पुढे केले. नवीन न्यायसंहितेत तेच १९वे झाले आहे. मोठे नुकसान टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावाने केलेले लहान नुकसान हा अपराध होत नाही, असे ते कलम सांगते. त्याखाली उदाहरण दिले आहे ते आगीचे. आग पसरू नये म्हणून एखाद्याने मधली घरे पाडली, तर त्यास शिक्षा नाही. “तुम्ही गैरनिरोध केलात, बलप्रयोग केलात, धाकदपटशा केलात,” ते म्हणाले, “पण ते सारे या कलमाच्या छत्राखाली येते. निश्चिंत असा.”

आम्ही निश्चिंत झालो नाही. घर पाडले तर घरास दुःख होत नाही. दुःख होते ते घरमालकास. त्यास शिक्षेच्या कलमाने काय मिळाले? आणि सरकारलासुद्धा आपत्तीत कोणाची गाडी हवी असेल, तर २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे लेखी हुकूम काढावा लागतो आणि भरपाई द्यावी लागते. म्हणजे ‘घेतले ते योग्य’ आणि ‘घेतले त्याचे देणे लागत नाही’ ही दोन वाक्ये वेगवेगळी आहेत, हे कायदाही जाणतो. आमच्या मित्रांनी पहिल्याचा पुरावा देऊन दुसरेही सिद्ध झाले असे मानले.

आपल्या दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली तयार झाला, तेव्हा मेकॉलेसाहेबांनी या प्रश्नाची दुसरी बाजू तपासली होती. कलकत्त्याचा शल्यवैद्य मीरतेस जाण्याचे नाकारतो आणि तेथील रोगी दगावतो. एवढ्याने वैद्यास खुनी म्हणावे काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. मदत न करणे निंद्य असेल, पण परक्याच्या निष्क्रियतेस सरसकट गुन्हा ठरविल्यास सीमारेषा कोठे ओढावी हे कळणार नाही, असा त्यांचा विचार. फ्रान्सचा कायदा १९४१पासून निराळ्या वाटेने गेला. स्वतःस धोका नसताना संकटातील माणसास जो साह्य करीत नाही, तो तेथे दंडास पात्र होतो. आमच्या मते या दोन्ही वाटांवर शहाणपण आहे. पण त्या ‘नाकारणाऱ्याचे काय करावे’ याचा विचार करतात. आमचा प्रश्न ‘भाग पाडणाऱ्याने कसे वागावे’ हा आहे.

भाग पाडणे मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. जामबागेतून चालत जाण्याच्या अंतरावर, अफझलगंजाच्या बाजूस, उस्मानिया इस्पितळाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली, तेव्हा सुमारे दीडशे जीव या झाडाच्या फांद्यांवर तगले. अशा वेळी आधी चढलेल्यास “सरक, जागा दे” असे कोणी दरडावले असेल, कोणास ओढून बाजूस केले असेल, तर त्याने आधी संमती घ्यावयास हवी होती असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. पाणी चढत असता चिंचेच्या फांदीवर ‘माझी’ आणि ‘तुझी’ जागा उरत नाही.

तथापि पूर ओसरल्यावर कोणास झाडावर कोंडून ठेवता येत नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात आमच्या वस्तीतील देवळात भागवताचा सप्ताह झाला. पाचव्या स्कंधातील जडभरताचे आख्यान आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत; त्या दिवशी ते आमच्याविरुद्ध वाचल्या गेलेल्या आरोपपत्रासारखे वाटले. सिंधुसौवीरांचा राजा रहूगण कपिलाश्रमाकडे ज्ञान मिळविण्यासाठी निघाला होता. इक्षुमतीच्या काठी पालखीला एक भोई कमी पडला. भोयांच्या नायकाने वाटेत दिसलेला एक धडधाकट माणूस धरून जुंपला. तो भरत. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून तो जपून पावले टाकी, आणि त्यामुळे पालखी हिसके खाई. राजाने त्यास टोचून बोलावे, धमकावे, आणि मग त्याचे उत्तर ऐकून खाली उतरून त्याचे पाय धरावे, एवढे आपणा सर्वांस ठाऊक असते. पण पुढे त्याच संवादात भरत राजास सुनावतात की, या दीनवाण्या भोयांना तू विष्टीने राबवितोस आणि वर स्वतःस लोकांचा रक्षणकर्ता म्हणवितोस, हे तुला शोभत नाही. तत्त्वज्ञानाच्या भरात आपण हे बोल सोडून देतो.

ही विष्टि म्हणजेच आपली वेठ, आणि तेलंगणातील वेट्टि. जुन्या हैदराबाद संस्थानात गावच्या धोब्याने, कुंभाराने, वेशीबाहेरच्या माणसाने अंमलदाराचे आणि देशमुखाचे काम फुकट करावे, ही रीत होती. आंध्र महासभेने तिच्याविरुद्ध आवाज उठविला. २६ जानेवारी १९५०पासून राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठ निषिद्ध झाली. त्याच अनुच्छेदात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा राज्यास ठेवली आहे. पण केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून त्यात भेद करता येणार नाही, अशी अट आहे. सक्ती करावीच लागली तर पाहावयाचे ते हेच की, आपण धरतो कोणास?

या प्रश्नापाशी आम्ही निरुत्तर होतो. तीन मोटारी आमच्यासमोरून गेल्या. त्यांच्यापुढे आम्ही आडवे झालो नाही. आसने मऊ होती, जागा अधिक होती, जखमी माणसास त्याच बऱ्या होत्या. तरी तेथे आमचा हात विनवणीचा राहिला, आणि ऑटोपाशी तो हुकमाचा झाला. वकिलाच्या धमकीला मोटारवाला भीक घालणार नाही आणि ऑटोवाला घालील, हे आम्ही क्षणात ताडले होते. आपत्ती म्हाताऱ्याची होती. आमची निवड मात्र भोयांच्या नायकाची होती.

आणखी एक गोष्ट. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास पोलीसचौकशीचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक सूचना मान्य केल्या, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. हे संरक्षण ज्यास मिळते तो साह्यकर्ता ‘स्वेच्छेने’ पुढे आलेला असावा, असे त्या व्याख्येत आहे. आमच्या ऑटोवाल्याने खरोखर स्वेच्छेनेच त्या म्हाताऱ्यास नेले असते. किल्ली काढून घेऊन आम्ही त्याची स्वेच्छाच नाहीशी केली. चांगले कृत्य त्याच्या हातून झाले, पण ते त्याचे राहिले नाही. दुसऱ्याच्या पदरी पडणारे पुण्य आम्ही रस्त्यात लुटले आणि घरी नेले.

तेव्हा वाचकांनी आम्हांस विचारले की, परक्यास संकटात मदत करावयास भाग पाडणे हे पाप आहे काय, तर आम्ही असे म्हणू: त्याचे वाक्य आधी पुरे ऐकावे, त्यास एक क्षण पुरतो. ऐकूनही तो नाही म्हणाला, जीव खरोखर जात असला, दुसरा उपाय नसला आणि त्याच्या अंगावर येणारा भार थोडा असला, तर किल्ली काढावी. पण बलवानापुढेही तसेच आडवे व्हावे. आणि इस्पितळाच्या दारात किल्ली परत करावी. आमची पहिली दहा मिनिटे चिंचेच्या झाडाची होती. पुढचे दोन तास पालखीचे होते, आणि त्यांस आपद्धर्म हे नाव देता येत नाही. गरज सरल्यावर वैद्यास मारणाऱ्यांची गोष्ट म्हणीत आहे. गरज सरल्यावरही वैद्यास बांधून ठेवणाऱ्यांत आम्ही होतो.

सप्ताह संपल्यावर आम्ही पुन्हा त्या थांब्यावर गेलो. या वेळी म्हाताऱ्याचा मुलगा बरोबर नव्हता, आणि आभारही मानावयाचे नव्हते. चुकलो, एवढेच सांगावयाचे होते. गाडीतून खाली उतरून, त्याच्या ऑटोपाशी भर रस्त्यात उभे राहून ते सांगणे आम्हांस फार जड गेले. त्याने ऐकून घेतले. भरपाई म्हणून आम्ही पैसे पुढे केले, त्यांतील थांबल्या वेळाचे भाडे त्याने मोजून घेतले आणि उरलेले परत दिले. मग त्याने विचारले, “वो फूलवाले बाबा कैसे हैं?”

तीन महिन्यांत हा प्रश्न आम्ही स्वतः एकदाही कोणास विचारला नव्हता.