ग्राफ्टनची लेक

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याचे वर्णन लिहिलेच पाहिजे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. आम्हीही नायगारा पाहिला. भिजलो, थंडीने कुडकुडलो आणि सौभाग्यवतींची चप्पल वाहून जाता जाता वाचली. याहून अधिक त्याविषयी मी काही लिहिणार नाही. मला सांगायचे आहे ते एका अशा गावाविषयी, की जिथे जाण्यासाठी कोणीही प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करणार नाही.

त्याचे झाले असे. पिट्सबर्गला आमच्या चिरंजीवांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कॅलेंडर लटकत असे. सकाळचा चहा होईपर्यंत मला दुसरा उद्योग नसल्यामुळे मी ते वाचून काढी. मे महिना उजाडला आणि मी थक्क झालो. आपल्याकडे श्रावणात सण दाटीवाटीने येतात, तसे तिकडे मे महिन्यात 'दिवस' येतात. ८ मे रेडक्रॉसचा, कारण तो हेन्री ड्युनांचा जन्मदिवस. १२ मे परिचारिकांचा, कारण तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा. २० मे तर चक्क मधमाश्यांचा! ३१ मे तंबाखू सोडण्याचा. (हा दिवस मी चिरंजीवांच्या देखत मोठ्याने वाचला नाही.) आणि महिन्याचा दुसरा रविवार आईचा.

"रविवारी आईला घेऊन बाहेर जेवायला जायचं हं, बाबा," चिरंजीव म्हणाले. "मदर्स डे आहे. टेबल सांगून ठेवलंय."

"पण हा दिवस आला कुठून?"

"येणार कुठून? दुकानदारांनी काढला असेल."

मला ते पटले नाही. दुकानदार दिवस वाढवतात, पण जन्माला घालतात असे नाही. सूनबाईंबरोबर वाचनालयात गेलो, तेथे एक पुस्तक सापडले आणि त्यात कळले की या दिवसाचे जन्मगाव मोटारने दोन तासांवर, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात आहे. मग काय! शनिवारी सकाळी आम्ही चौघे निघालो. बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी होतीच.

पिट्सबर्गहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता मॉर्गनटाउनपर्यंत सरळ आणि रुंद आहे. तेथून मात्र तो डोंगरांत शिरतो आणि महाबळेश्वराहून प्रतापगडाकडे उतरताना जशी पोटात कालवाकालव होते, तशी व्हायला लागते. दोन्ही बाजूंना कोवळी हिरवी झाडी, मध्येच एखादे लाकडी घर, पुन्हा झाडी. हा कोळशाचा मुलूख. टायगार्ट नदीच्या काठी, उताराला बिलगून ग्राफ्टन वसले आहे. 'बाल्टिमोर अँड ओहायो' रेल्वेचे हे एके काळचे मोठे जंक्शन. आज पाच हजारांच्या आतली वस्ती आणि रस्त्यावर शनिवारच्या सकाळी दोन माणसे, त्यांतला एक कुत्र्याला फिरवणारा.

मेन स्ट्रीटवर १८७३ साली बांधलेले लाल विटांचे एक प्रार्थनामंदिर आहे. अँड्र्यूज मेथडिस्ट चर्च. १९६२ पासून त्याला 'आंतरराष्ट्रीय मातृदिन मंदिर' असा दर्जा मिळाला. बाहेर मुलांना जवळ घेतलेल्या आईचा पुतळा, आत रंगीत काचांच्या खिडक्या आणि लाकडी बाकांच्या रांगा. एक वयस्क बाई माहिती सांगायला होत्या. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला! पुढची हकिकत काही त्यांनी सांगितली, काही पुस्तकातली आहे.

या दिवसाच्या मुळाशी दोन बायका आहेत, आई आणि लेक. आई अ‍ॅन रीव्हज जार्व्हिस. हिला अकरा-बारा मुले झाली आणि त्यांतली चारच मोठी होईपर्यंत जगली. गोवर, घटसर्प, विषमज्वर. आपल्या आज्या-पणज्यांच्या कहाण्या आठवा, म्हणजे वेगळे काही सांगायला नको. पण ही बाई नशिबाला बोल लावून बसली नाही. १८५८ साली तिने आसपासच्या गावांतल्या आयांना गोळा केले आणि त्यांची मंडळे काढली. घराघरांत स्वच्छता शिकवायची, दुधाची तपासणी करायची, औषधाला पैसे जमवायचे, क्षयाने आजारी पडलेल्या बाईच्या घरी कामाला माणूस द्यायचे. जंतूंचा सिद्धांत अजून जगाला नीट पटायचा होता, त्या काळातली ही गोष्ट.

पुढे १८६१ साली यादवी युद्ध पेटले. रेल्वेमुळे ग्राफ्टन दोन्ही सैन्यांना हवे होते आणि गावात एकाच घरातले भाऊ दोन बाजूंना. अ‍ॅनबाईंनी मंडळांना बजावले, आपण दोन्हीकडच्या जखमींची शुश्रूषा करायची. युद्ध संपल्यावर १८६८ साली प्रंटीटाउनच्या कचेरीसमोर त्यांनी दोन्हीकडच्या सैनिकांना आणि त्यांच्या आयांना एकत्र बोलावले. मारामाऱ्या होतील अशी सर्वांना धास्ती होती. झाल्या नाहीत. माणसे रडली आणि घरी गेली.

आता लेक. अ‍ॅना जार्व्हिस १८६४ साली, ग्राफ्टनपासून चार मैलांवरच्या वेब्स्टर गावी जन्मली. परतताना आम्ही ते घर बाहेरून पाहिले. लाकडी, दुमजली, आपल्या मिरजेच्या रेल्वे बंगल्यांची आठवण करून देणारे. ती बारा वर्षांची असताना आईने रविवारच्या शाळेत बायबलातल्या आयांविषयी धडा दिला आणि शेवटी प्रार्थना केली, की कोणीतरी कधीतरी आयांसाठी एक दिवस नेमून देवो. मुलीने ते मनात धरले. ती शिकली, फिलाडेल्फियाला गेली, विमा कंपनीच्या जाहिरात खात्यात नोकरीला लागली. लग्न केले नाही. ९ मे १९०५ रोजी आई वारली.

त्यानंतर या बाईने जे केले, त्याला ध्यास हाच शब्द. मंत्री, संपादक, धर्मोपदेशक, कारखानदार, सर्वांना तिने पत्रांनी भंडावून सोडले. १० मे १९०८ रोजी याच मंदिरात पहिला समारंभ झाला. ती स्वतः फिलाडेल्फियात वानामेकर यांच्या भव्य दुकानातल्या सभेत होती, पण ग्राफ्टनला तिने पाचशे पांढरी कार्नेशनची फुले पाठवली, आईची आवडती. सहा वर्षांत, १९१४ साली, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार देशभर जाहीर केला.

एका गोष्टीवर तिचा कटाक्ष होता. इंग्रजी 'मदर्स डे' मधले ते अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह 'एस' या अक्षराच्या आधी पडले पाहिजे, नंतर नाही. म्हणजे 'आयांचा दिवस' नव्हे, 'आईचा दिवस'. प्रत्येकाने आपापल्या एका आईची आठवण करायची. व्याकरणासाठी इतकी भांडणारी बाई पाहून माझ्यातल्या जुन्या मराठीच्या मास्तराला भरून आले. पण खरे सांगू? मला थोडी हळहळही वाटली. अ‍ॅनबाईंना अनेकवचन हवे होते. त्यांचा दिवस दुधाचा, पाण्याचा, शेजारणीच्या आजारपणाचा होता. लेकीने तो मायेचा केला. स्वच्छ दूध तपासून कोणाला नफा होत नाही, माया मात्र वेष्टनात बांधून विकता येते.

आणि ती विकली गेली. फुलवाल्यांनी भाव चढवले. पांढरी फुले पुरेनात, तेव्हा पांढरे फूल आई गेलेल्याने लावायचे आणि लाल फूल आई असलेल्याने, अशी प्रथा पडली. म्हणजे गिऱ्हाईक दुप्पट! मिठाईवाले आले, छापील कार्डवाले आले. अ‍ॅनाबाई खवळल्या. १९२३ साली मिठाईवाल्यांच्या अधिवेशनात जाऊन त्यांनी निषेध केला. १९२५ साली युद्धातल्या सैनिकांच्या मातांची संस्था त्या दिवशी कार्नेशन विकून निधी जमवते म्हणून तिच्या सभेत शिरल्या, तेव्हा पोलिसांनी शांतताभंगासाठी पकडले. वानामेकरांच्या उपाहारगृहात 'मदर्स डे सॅलड' पाहून त्यांनी ते मागवले, जमिनीवर ओतले, पैसे ठेवले आणि निघून गेल्या, असे सांगतात. जो दिवस आणण्यासाठी आयुष्य वेचले, तो रद्द करावा म्हणून १९४३ साली त्या सह्या गोळा करू लागल्या. पुढे दृष्टी गेली, पैसा संपला. वेस्ट चेस्टरच्या आरोग्यभवनात २४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी डोळे मिटले. तिथल्या खर्चाला फुलवाल्यांनी हातभार लावला होता म्हणतात, आणि हे बाईंना बहुधा कळू दिले नव्हते.

छापील कार्डांचा त्यांना सर्वांत राग. ज्या बाईने तुझ्यासाठी जगात सर्वांहून अधिक केले, तिला चार ओळी लिहायचाही तुला आळस, एवढाच छापील कार्डाचा अर्थ, असे त्यांचे म्हणणे.

हे ऐकताना मी बाकावर बसलो. त्या वयस्क बाईंनी विचारले, "तुमच्या आई आहेत?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पाटीतले एक पांढरे कागदी फूल माझ्या हातात ठेवले.

आपल्याकडेही मातृदिन आहे, पिठोरी अमावास्येचा. साताऱ्याच्या आमच्या घरी आई खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरून पाठमोरी उभी राही आणि विचारी, "अतिथी कोण?" आम्ही भावंडांनी मागून "मी!" म्हणून ते घ्यायचे. धाकटी बहीण सासरी गेली, मी मुंबईला नोकरीला लागलो. १९७४ पासून दरमहा मी आईला मनिऑर्डर करी. तिच्या फॉर्मला मजकुरासाठी एक चिठोरी असे, पोस्टमन ती पैशांबरोबर देऊन जाई. मी लिही, "पैसे पाठवले आहेत. प्रकृतीस जपणे. पत्र सवडीने लिहितो."

१९८५ साली आई गेली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा सापडला. सर्व चिठोऱ्या तारखेवार लावलेल्या, एकशे एकतीस. प्रत्येकीवर तीच तीन वाक्ये, माझ्याच अक्षरात, पण छापल्यासारखी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पिठोरीला त्या विचारायच्या रे, अतिथी कोण म्हणून. आमचा बंडू हो म्हणायचा."

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या परक्या मंदिरात, वेब्स्टरच्या वाटेवर, मोटारीत, मी ते सांगितले. कोणी काही बोलले नाही. सूनबाईंनी चटणीची डबी नुसतीच उघडली आणि पुन्हा लावली.

रविवारी ठरल्याप्रमाणे आम्ही बाहेर जेवलो. जेवण महाग आणि अळणी होते. चिरंजीवांनी आठवडाभर आधी आणलेले, सोनेरी फुलांचे कार्ड मोटारीच्या कप्प्यात तसेच पडलेले मी पाहिले. रात्री उशिरा त्यांच्या खोलीतला दिवा जळत होता.

सोमवारी सकाळी सौभाग्यवतींच्या चष्म्याखाली वहीचा एक कागद घडी घालून ठेवलेला होता. मराठी अक्षर, दहावीनंतर न गिरवलेले. त्यांनी तो खिडकीशी उभे राहून वाचला, मग पुन्हा वाचला. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं नाहीये," आणि घडी घालून पदराआड केला.

तो अजून मला वाचायला मिळालेला नाही.