रात्रीचे स्मरण

दिल्लीच्या निजामुद्दीन वस्तीतील अरुंद गल्ली फुलांच्या, चादरींच्या आणि अगरबत्त्यांच्या दुकानांमधून वळत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यापाशी पोहोचते. सूर्य मावळला की तेथे दिवे उजळतात आणि प्रार्थना होते. गुरुवारी कव्वालीचे सूर घुमतात. रात्रीची नमाज आटोपल्यावर मात्र गर्दी ओसरू लागते. मग संगमरवरी जाळीपाशी बसलेला एखादा वृद्ध नजरेस पडतो. त्याचे डोळे मिटलेले असतात, ओठ किंचित हलत असतात आणि बोटांमधून माळेचे मणी एकेक करून सरकत असतात.

या ईशस्मरणाला 'जिक्र' म्हणतात. या अरबी शब्दाचा अर्थ आठवण आणि उच्चार असा दुहेरी आहे. नमाजेच्या वेळा ठरलेल्या असतात. जिक्र मात्र चालता-बोलता, काम करताना किंवा अंथरुणावर पडूनही करता येतो. कोणी तो मोठ्याने करतात, तर कोणी मनातल्या मनात. त्यासाठी ग्रंथ वाचता यावा लागत नाही. माळ नसेल, तर बोटांची पेरे पुरतात.

झोपण्यापूर्वीच्या जिक्राची एक हकिकत मुस्लिम घराघरांत सांगितली जाते. पैगंबरांची कन्या फातिमा घरचे दळण स्वतः दळत असत. जाते ओढून ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले. मदतीला कोणी माणूस मिळावे, म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. पैगंबर रात्री त्यांच्या घरी आले आणि सेवकापेक्षा अधिक मोलाचे काही देतो, असे म्हणाले. ते होते निजण्यापूर्वीचे स्मरण : 33 वेळा 'सुभानअल्लाह', 33 वेळा 'अल्हम्दुलिल्लाह' आणि 34 वेळा 'अल्लाहु अकबर'. ईश्वर परमपवित्र आहे, सर्व स्तुती त्याचीच आहे आणि तो सर्वांहून थोर आहे, असा या शब्दांचा भाव आहे. जात्यावर बसून ओव्यांतून देवाला साद घालणाऱ्या मराठी स्त्रियांना ही हकिकत परकी वाटू नये. दळण कोणालाच चुकले नाही. पण थकलेल्या जिवाला विसाव्याची एक जागा मिळाली.

परंतु स्मरण केवळ स्वतःच्या विसाव्यापुरतेच असते काय? हा प्रश्न निजामुद्दीन औलियांनाही महत्त्वाचा वाटला होता. त्यांचे शिष्य, कवी अमीर हसन सिज्झी यांनी 1308 पासून गुरूंची संभाषणे फारसीत लिहून ठेवली. पुढे ते दख्खनेत आले. वेरूळजवळील खुलदाबाद येथे त्यांची कबर आहे. त्यांच्या 'फवाइदुल फुआद' या ग्रंथात उपासनेचे दोन प्रकार सांगितले आहेत. नमाज, उपवास, जप यांचे फळ करणाऱ्यापुरते असते. दुसऱ्यासाठी खर्च करणे, त्याच्याशी मायेने वागणे यांचे फळ इतरांपर्यंत पोहोचते आणि त्याच्या पुण्याला मोजमाप नसते.

मग रात्र-रात्र जागून नाम घेण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर निजामुद्दीनांच्या जीवनातच सापडते. यमुनेकाठच्या त्यांच्या खानकाहमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला अन्न मिळत असे. ते स्वतः मात्र बहुतेक दिवस उपवास करीत आणि रात्री स्मरणात घालवीत. पहाटे सेवक जेवण घेऊन आला, की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मशिदींच्या आवारात आणि दुकानांच्या ओट्यांवर किती तरी माणसे उपाशी निजली आहेत, या विचाराने त्यांचे डोळे भरून येत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रात्रीच्या त्या शांततेत ईश्वराच्या आठवणीबरोबर उपाशी माणसाचीही आठवण जागी होत असे. ज्या जपाने दुसऱ्याच्या भुकेचा विसर पडतो, तो केवळ आकडेमोड ठरतो.

निजामुद्दीनांचे निधन 1325 मध्ये झाले. त्यांच्या वस्तीत आजही काही खानावळींसमोर गरीब माणसे रांगेने बसलेली दिसतात. येणारा-जाणारा खानावळवाल्याकडे पैसे देतो आणि तेवढ्या माणसांपुढे जेवण येते. जाळीपाशी बसलेला तो वृद्धही केव्हा तरी माळ खिशात ठेवून याच वाटेने घरी निघतो. रांगेपाशी क्षणभर थांबतो आणि आपल्या खिशातील पैशांत किती जणांचे जेवण होईल, ते बोटांवर मोजतो.