फ्रीजमधले अकरा रोल

मे महिना लागला की आमच्या घरात फ्रीझरवरून तंटा होतो. हिला आमरसाचे डबे ठेवायला जागा हवी असते आणि मागच्या कोपऱ्यात माझा चौकोनी स्टीलचा डबा ठाण मांडून बसलेला असतो. झाकणावर मी कधीतरी मार्करने '३२००' लिहून ठेवलंय. कामाला नव्याने आलेल्या मावशींनी एकदा विचारलं, "ताई, तीन हजार दोनशे रुपये फ्रीजमध्ये कशाला ठेवलेत?" ही म्हणाली, "तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं."

डब्यात फिल्मचे रोल आहेत. कोडॅकची टी-मॅक्स पी ३२००, ब्लॅक अँड व्हाइट, ३५ मिमी. २०१२ च्या दिवाळीच्या आसपास मी असे अकरा रोल घेतले आणि त्यानंतर त्यांची जेवढी काळजी केली तेवढी कर्जाच्या हप्त्याचीही केली नाही.

मी बँकेत होतो. संध्याकाळी नाटकांचे आणि घरगुती मैफिलींचे फोटो काढायचे, हा १९८३ पासूनचा नाद. पैसे क्वचितच मिळाले, चहा मात्र नेहमी. फ्लॅश कधीच वापरला नाही. एक तर वापरू देत नाहीत. आणि दिला तरी, प्रकाशयोजना करणाऱ्याने चार रात्री जागून कोपऱ्यात जो अंधार जमवलेला असतो त्याच्यावर बादलीभर चुना ओतल्यासारखं होतं. तेव्हा हाताशी होती पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ऑर्वो एनपी २७, ४०० एएसए. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' दिवसा वापरायची, रात्री ऑर्वो.

पण ४०० मध्ये रंगमंचावरचं सगळं येत नाही. सांगतो कसं. चाळीस वॉटचा एक बल्ब, त्यापासून दोन मीटरवर बसलेला नट. माझी ५० मिमीची लेन्स पूर्ण उघडली तरी ४०० च्या फिल्मला पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात नट मान वळवतो, माझा हात हलतो आणि फोटोत दोघांचं भूत येतं. तीच फिल्म ३२०० ची असेल तर सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. श्वास धरून ठेवला की जमतं.

कोडॅकची पी ३२०० आली १९८८ मध्ये. नावातला 'पी' पुशचा. तिचा खरा वेग आठशे-हजाराच्या घरातलाच. कॅमेऱ्यावर ३२०० लावून तिला मुद्दाम अर्धपोटी ठेवायचं आणि नंतर डेव्हलपरमध्ये जास्त वेळ बुडवून कसर भरून काढायची. साधी ४०० ची फिल्म इतकी ताणली की पांढरं चुन्यासारखं होतं, काळं डांबरासारखं, आणि मधले सगळे करडे पोत बेपत्ता होतात. ही ताणण्यासाठीच बनवलेली. माझा पहिला रोल एका सहकाऱ्याच्या भावाने अमेरिकेहून आणून दिला होता. तालमीत वापरला, रात्रीच धुतला. ओली निगेटिव्ह बल्बसमोर धरली तर नटाच्या भुवईखालच्या सावलीत चक्क डोळा होता! ऑर्वोत तिथे नुसती खोबणी यायची.

धुणं म्हणजे बाथरूममध्ये. दाराच्या फटीला गोधडी लावून, अंधारात चाचपडत रोल स्पायरलवर चढवायचा. डेव्हलपर घरीच बनवायचा, डी-७६: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. पुण्यात मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीला टेकलेलं असतं आणि डेव्हलपर हवा २० अंशांवर. म्हणून बर्फाच्या पिशव्यांमध्ये टाकी. सरबताला बर्फ कधी उरलाच नाही, हे या घरातलं जुनं गाऱ्हाणं आहे.

जर्मनी एक झाली आणि ऑर्वोचा कारखाना मोडला. इलफर्डची डेल्टा ३२०० १९९८ मध्ये आली, तीही मनापासून आवडली. फुजीची निओपान १६०० २०१० च्या सुमाराला बंद झाली. मग २०१२ उजाडलं. जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऑक्टोबरमध्ये बातमी आली की पी ३२०० बंद.

मी त्याच दिवशी मुंबईला बोरा बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, ३२०० चं नाव काढू नका. आठ महिन्यांत दोन गिऱ्हाइकं येतात, त्यातले एक तुम्ही. तोवर माल एक्स्पायर." फास्ट फिल्मचा पेच त्याने एका दमात सांगितला. ती टिकत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही, आणि दुकानात नसते म्हणून लोक विसरतात. कारखान्यातही तेच असणार. फिल्म काही पाव-बिस्किटासारखी डझनावारी भाजत नाहीत. एकदा लेप द्यायला घेतला की रुंद रोलच्या रोल निघतात. ते गोदामात नासायच्या आत खपायला तर हवेत!

तरी त्याने इकडून तिकडून अकरा रोल जमवले. मुदत दीड वर्षाची. मी डबा आणला, सिलिकाच्या पुड्या घातल्या आणि फ्रीझरमध्ये ठेवला.

तिथून कंजुषी सुरू झाली. अकरा म्हणजे अकरा गुणिले छत्तीस, तीनशे शहाण्णव फोटो, उभ्या आयुष्यासाठी. कुठल्याही कार्यक्रमाला निघताना मी मनात तोलायचो, हा रोलाच्या लायकीचा आहे का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही'. तीन वर्षांत तीन रोल वापरले. बाकी सगळं इलफर्डच्या एचपी ५ वर, १६०० ला ताणून. डेल्टा मिळत होती, पण मधूनच. आणि एका रोलाच्या पैशात आठवड्याची भाजी येते, हे घरात कळलेलं होतं.

२०१६ मध्ये सुदर्शन रंगमंचावर एक दोन पात्रांचं नाटक पाहिलं. नाटकाचं नाव सांगत नाही, कारण करणाऱ्या पोरांना पुढे त्याची फारशी आठवण ठेवावीशी वाटली नाही. शेवटची वीस मिनिटं खरोखरच एका बल्बवर होती. मुलगी पाठमोरी बसून चिठ्ठी वाचते आणि वाचता वाचता तिच्या मानेवरचा उजेड सरकत जातो. माझा पेंटॅक्स के १००० मांडीवर होता, त्यात एचपी ५. मोजून पाहिलं. पंधरावा भागही अपुरा. शिवाय के १००० चा खटका असा वाजतो की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघतात. मी ठरवलं, पुढच्या प्रयोगाला ३२०० आणायची आणि विंगेत उभं राहायचं. दिग्दर्शकाला तसं सांगूनही आलो. तो म्हणाला, "काका, नक्की या."

पुढच्या प्रयोगाला लग्न होतं, त्यापुढच्याला मला ताप. तीन प्रयोग होऊन नाटक थांबलं. त्या मुलीला बंगळूरला नोकरी लागली. त्या प्रवेशाचा एकच फोटो आहे, कोणीतरी मोबाइलवर काढलेला. त्यात बल्ब उत्तम आला आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत कोडॅकने जाहीर केलं की पी ३२०० परत येतेय. मार्चपासून विक्री. मला आनंद झाला आणि सासऱ्यांनी हुंड्यातली सायकल मोटार आल्यावर दिल्यासारखं काहीसं वाटलं. भाची बॉस्टनला असते, तिला दिवाळीला येताना पाच रोल आणायला सांगितले. हातातल्या पिशवीत ठेव, विमानतळावर हाताने तपासायला सांग, हे मात्र सांगायचं राहिलं. ती आली, पाया पडली आणि अभिमानाने म्हणाली, "मामा, हरवायला नकोत म्हणून मोठ्या बॅगेत ठेवले, साड्यांच्या घडीत." मोठी बॅग म्हणजे सामानात गेलेली बॅग. तिथल्या यंत्राचा क्ष-किरण हातातल्या पिशवीच्या यंत्रापेक्षा कितीतरी जबर, आणि फिल्म जितकी फास्ट तितकी आधी बळी पडणारी. पाचही रोलांवर नदीच्या लाटांसारखे करडे पट्टे आले. तिला मी अजून सांगितलेलं नाही. पट्ट्यांतला त्यातल्या त्यात बरा फोटो मोठा करून तिला पाठवला, तिने तो भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की मामाची स्टाइल आहे. मला मात्र त्या यंत्रांची धास्तीच बसली. केसरबाई संगीत संमेलनाचे फोटो काढायला पणजीला जायचं तर विमान नको म्हणून मी अजून बसनेच जातो.

त्या दिवाळीनंतर मी जुन्या डब्याकडे वळलो. आठ शिल्लक होते. २०१९ च्या डिसेंबरात एका वाड्यात सतारीची बैठक होती, समईच्या उजेडात. हाच तो कार्यक्रम, असं ठरवून सकाळीच एक रोल बाहेर काढला. थंडगार डबी लगेच उघडली तर फिल्मवर दव धरतं, म्हणून दुपारपर्यंत तशीच ठेवली. सगळं शास्त्रोक्त. रात्री धुतला आणि निगेटिव्ह उजेडात धरली. कोरी जागा काचेसारखी असायला हवी, ती मातकट होती. सतारिये त्या धुक्यात कुठेतरी बसले होते. दाणा एवढा जाड की हाताला लागेल असं वाटावं.

माझा एक मित्र एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालाय. त्याला निगेटिव्ह दाखवली. तो हसला. म्हणाला, "अरे, थंडीने रसायनं झोपतात. किरण कसे झोपतील? भिंतीतून येतात, जमिनीतून येतात, वरून आकाशातून येतात. तुझा फ्रीज त्यांना काचेचा. शंभरच्या फिल्मला त्यांचा पत्ता लागायला वीस वर्षं जातील, तुझी ही तर त्यासाठीच जन्मलेली, जरा उजेड दिसला की टिपणारी." मग चहा घेता घेता विचारलं, "घेतलेस तेव्हाच का नाही वापरलेस?"

मी विषय बदलला.

परवा पुन्हा मे महिना आला. हिने डबा काढून ओट्यावर ठेवला आणि काही बोललीच नाही, जे बोलण्यापेक्षा वाईट असतं. आत सात रोल. मी एक घेतला आणि कॅमेऱ्यात भरला. ३२०० चा आव आता कशाला, ४०० लावलं, म्हणजे निदान धुक्याच्या वर काही उमटेल. ओट्यावर हापूसच्या साली, हिचे कोपरापर्यंत माखलेले हात, खिडकीतून भरपूर ऊन. छत्तीसच्या छत्तीस फोटो स्वयंपाकघरात काढले. तोलूनमापून न काढलेला हा माझा पहिला ३२०० चा रोल. दुसऱ्या दिवशी बर्फ घालून धुतला. डब्याच्या जागेवर आता आमरस आहे, बाकीचे सहा रोल माझ्या टेबलाच्या खणात.

प्रिंट केलेला एक फोटो हिला दाखवला. चष्मा लावून तिने तो बराच वेळ पाहिला.

"छान आलाय," ती म्हणाली. "पण आपल्या स्वयंपाकघरात पाऊस कधी पडत होता?"